बर्फावर टाकलेला रुमाल

प्रिय एतेरी,

फोनचा मनोरा वादळात बंद पडला आहे आणि बेकाचे दोन्ही हात पट्ट्यांत आहेत, म्हणून हे मला लिहावं लागतंय. आधी महत्त्वाचं. तुझा मुलगा जिवंत आहे. शालवाच्या घोड्यावर बसून तो तुझ्याकडे येतोय. पत्र मी शालवाच्या खिशात घातलंय, बेकाच्या नाही. तो वाटेत फाडून टाकेल. आता खाली बस, पाणी पी, भट्टीवरच्या पोरीला पाव बघायला सांग आणि मग पुढचं वाच. बेका जे सांगेल त्यात त्याच्या चुका मोठ्या असतील आणि माझी एकही नसेल. तसं चालणार नाही.

मंगळवारी पहाटे तो त्या पोलंडच्या दातांच्या डॉक्टरला घेऊन शिखराकडे निघाला. मारेक नाव त्याचं. चालायला दमदार आणि बोलायला त्याहून दमदार. आदल्या दोन दिवसांत माझ्या स्वयंपाकघरात बसून त्याने सगळ्यांचे दात तपासले, आणि आपल्या ओमारला सांगितलं की तुझी ही दाढ या डोंगरापेक्षा धोक्याची आहे. मी बाहेर जाऊन वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं, पण टोकावर एक पातळ ढग होता, बशी उपडी ठेवावी तसा. मी बेकाला म्हटलं, आज नको. तो बुटांना काटे बांधता बांधता हसला. “मावशी, डोंगराने टोपी घालायच्या आधी तुझ्या भुवया चढतात. तुझ्या भुवयांचं ऐकलं असतं तर मी आजवर तुझ्या अंगणापुढे गेलो नसतो.” सगळे हसले. माझी लेक तेकलेही हसली. ती आदल्या संध्याकाळीच गिर्यारोहकांची एक टोळी उतरवून आली होती, तिचे पाय अजून सुजलेले होते, तरी उठली होती. तिने बेकाच्या कमरेची गाठ तपासली. गाठ बरोबर होती. तिने ती पुन्हा तपासली. मी पाहिलं आणि काही बोलले नाही. तूही हल्ली पाहतेस आणि बोलत नाहीस, हे मला माहीत आहे.

तुला तो शेवटचा उतार आठवतो का? कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आपण दोघी एका दोराला होतो. खिंडीतून शिखराकडे जाणारं ते काचेसारखं निळं बर्फ, काटे जेमतेम नखभर रुतायचे, आणि खाली पाहिलं तर उतार सरळ ढगात गेलेला. तू थांबलीस. तुझे पाय असे थरथरत होते की काट्यांचा बर्फावर टकटक आवाज येत होता. तू म्हणालीस, “लामारा, मला शिव्या दे, नाहीतर मी इथेच मरेन.” मग मी तुला माझे लोकरी मोजे नेऊन परत न केल्याबद्दल, खोलीतला तवा करपवल्याबद्दल आणि परीक्षेत माझ्या नकाशावरून नद्या उतरवून घेतल्याबद्दल शिखरापर्यंत रागावत नेलं. उतरल्यावर तू ठरवलंस की पुन्हा नाही, आणि पुन्हा गेली नाहीस. मी शाळेत भूगोल शिकवत राहिले, सुट्ट्यांत वर येत राहिले आणि शेवटी हिमनदीच्या काठावरचं हे विश्रामघर चालवायला घेतलं. वर्गात हा डोंगर मी फळ्यावर काढायचे. खाली तापलेला शिलारस, त्यावर राखेचे आणि दगडांचे थर, सगळ्यांत वर बर्फ. खाली आग, वर बर्फ, आणि त्या बर्फावर आपली पोरं परक्यांना दोराला बांधून पोट भरतात. गाव म्हणतं लामाराला भीती ठाऊक नाही. तुला एकटीला माहीत आहे की मी रागावते तेव्हा घाबरलेली असते.

दुपारी ढग शिखरावरून खिंडीत उतरला आणि खिंडीतून वरच्या पठारावर. वारा असा सुटला की छपराचे पत्रे बोलायला लागले. संध्याकाळी वॉकीटॉकीवर बेकाचा आवाज आला. “मारेकचा पाय...” एवढंच, मग नुसती खरखर. रात्रभर बर्फ पडलं. बुधवारी सकाळी वारा पडला आणि ढग पठाराच्या कडेपर्यंत वर सरकला. ओमार, त्याचा धाकटा भाऊ त्सोत्ने आणि तेकले लगेच दोराला बांधून घेऊ लागले. ओमार म्हणाला, “ताई, चांगली उसंत मिळालीय, जाऊन येतो.” मी म्हटलं, “ही उसंत नाही, वारा श्वास घेतोय.” हे मी भीतीपोटी म्हटलं नव्हतं. हिमनदीवर गुडघाभर ताजं बर्फ होतं. सगळ्या भेगांवर झाकणं बसली होती, कुठे पोकळ आहे आणि कुठे भरीव हे कुणालाही दिसत नव्हतं. वरच्या उतारावर वाऱ्याने चोपलेला थर होता, पाय पडला की अख्खा सुटेल असा. त्सोत्ने म्हणाला, “ताई, बेका काय तिकडे चहा पीत बसलाय का आपली वाट बघत?” दोराच्या मधे तेकले उभी होती, पुढे ओमार, मागे त्सोत्ने. मी तिच्याकडे पाहिलं. आणि डोक्यावरचा रुमाल काढून त्यांच्यापुढे बर्फावर टाकला.

गेल्या वसंतात कुरणाच्या हद्दीवरून ओमार आणि शालवाचा भाऊ तुझ्या भट्टीसमोर एकमेकांच्या गळ्याला भिडले होते, तेव्हा तू टाकला होतास ना, तसाच. दोघांचे हात खाली आले आणि दोघं गपचूप आपापल्या घरी गेले. तुझ्या रुमालाला मान देणारा माणूस माझा रुमाल ओलांडणार नव्हता, हे मला टाकताना ठाऊक होतं. मी चाळीस वर्षं मुलांना ढग आणि दाब शिकवला, आणि ऐन वेळी आजीचं हत्यार काढलं. का टाकला म्हणून विचारशील. बर्फ खराब होतं, हे खरं. दोराच्या मधे माझी लेक होती, हेही खरं. यातलं आधी कोणतं, हे मला तुला लिहितानाही ठरवता येत नाही. हात आधी गेला.

ओमार जागच्या जागी बसला. त्सोत्ने पुटपुटला, “दादा, चल ओलांडून जाऊ, इथे बर्फात कोण बघतंय?” ओमार म्हणाला, “मी बघतोय.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “लामाराताई, हे काय केलंस!” मी उभी राहिले. वाटलं, झालं, थांबले. आणि तेवढ्यात तेकलेने कमरेची गाठ सोडली. दोराचं वेटोळं खांद्यावर घेतलं, पाठपिशवीत स्टोव्ह घातला, वाटेत खुणेला रोवायच्या, लाल चिंध्या बांधलेल्या बांबूच्या काठ्यांचा भारा काखेत मारला. “रुमाल भांडणाऱ्या पुरुषांसाठी असतो, आई,” ती म्हणाली. “इथे कुणी भांडत नाहीये, आणि मी पुरुष नाही.” तिने पाय उंच उचलला आणि रुमालावरून पलीकडे टाकला. काट्यांनी लोकर उसवू नये म्हणून उंच उचलला, एतेरी. तेवढं भान होतं तिला.

मी तिच्यामागे “आई! आई!” करत ओरडत गेले, आपल्याकडे आया लेकरांनाच ‘आई’ म्हणून हाक मारतात तशी. दारात उभी असलेली परदेशी मंडळी एकमेकांना विचारत होती की या म्हातारीची आई कुठे आहे. ती वळली नाही. ताज्या बर्फावर एकटी. दोराचं दुसरं टोक कुणाच्या कमरेला नसेल तर तो दोर नसतो, नुसतं ओझं असतं, हे मीच तिला लहानपणी शिकवलंय. भेगेत गेली तर धरायला कुणी नाही. दोन तगडे पुरुष तिच्या दोराला होते, ते मी काढून घेतले. तिला थांबवायला टाकलेल्या रुमालाने तिची माणसं थांबली आणि ती गेली.

आणि अजून सांगते. मी वाकून रुमाल उचलला असता तर दोघं तिच्यामागे धावले असते. टाकणारीनेच उचलायचा असतो. ओमार काटे न सोडता माझ्याकडे बघत बसला होता, याच आशेने. मला वाकायला वेळ लागला. गुडघ्यांमुळे नाही. मला वाटत होतं ती वळेल. पहिल्या कड्याखाली, जिथे दगड पडतात तिथे ती पळत गेली, पलीकडे पोचली, लहान झाली, तरी मला वाटत होतं की वळेल. मग मी रुमाल उचलला आणि म्हटलं, जा. ते निघाले तेव्हा वारा परत आला होता. पहिल्या मोठ्या भेगेपाशी तिच्या पावलांवर बर्फ बसलेलं, तिच्या काठ्या ढगात शिरलेल्या, पुढे हात पसरला तर स्वतःचा पंजा दिसेना. ते माघारी आले. ओमारने नुसता चहा मागितला. त्याने ओरडायला हवं होतं.

त्यानंतरचं काय लिहू? मी सगळी भांडी घासली आणि घासलेली पुन्हा घासली. कड्यावरून दगड सुटला की मी खिडकीशी. हिमनदी आतून कडाडली की मी खिडकीशी. उन्हाळाभर ते आवाज मी झोपेत ऐकते, कूस बदलते आणि पुन्हा झोपते. त्या दिवशी प्रत्येक आवाज तेकलेच्या पायाखालचा होता. परदेशी मंडळींना जेवण वाढलं. एकीने विचारलं, सूपमध्ये मीठ नाही का? मी तिला असं काही सुनावलं की बिचारी मुकाट्याने बाकीचं पिऊन गेली.

आज सकाळी ढगातून एक माणूस बाहेर आला. एकटा, वाकलेला, काठ्यांच्या खुणा धरून. अंगात लाल जॅकेट होतं, तेकलेचं. मी चपलांवर धावले. दगड, चिखल, बर्फ, काही बघितलं नाही. जवळ गेल्यावर त्याने तोंड वर केलं, आणि तो तुझा बेका होता. एतेरी, त्या क्षणी माझ्या चेहऱ्यावर जे आलं ते तुझ्या मुलाने पाहिलं. मरणाच्या दारातून परत आलेल्या पोराला पाहून मावशीचं तोंड असं होऊ नये. तो हे तुला कधीच सांगणार नाही. म्हणून मी सांगते. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पहिला शब्द काढला, “मावशी, ती आहे.” पाणी मागितलं नाही, हात दाखवले नाहीत. “ती आहे, मावशी, ती आहे.”

त्याने सांगितलं ते असं. उतरताना पठारावर मारेकचा पाय भेगेत गेला आणि नडगी मोडली. वाऱ्यात त्याला हलवणं शक्य नव्हतं. बेकाने कुऱ्हाडीने आणि मग हातमोजे फाटल्यावर नुसत्या हातांनी बर्फात बीळ खणलं आणि दोघं आत शिरले. तो अधूनमधून पत्र्याचा डबा कुऱ्हाडीवर वाजवत राहिला. तेकलेला तो आवाज ऐकू आला. ती रांगत आत आली आणि त्याला म्हणाली, “काय रे, भांड्यांचं दुकान काढलंस का इथे?” हे सांगताना तो हसला आणि मग त्याला हसू थांबवता येईना. तिने स्टोव्ह पेटवला, बर्फ वितळवून दोघांना पाजलं. मारेकला एकटं सोडता येत नव्हतं. बेका चालू शकत होता, पण तिसरी रात्र त्याच्या हातांनी काढली नसती. तिने आपलं जॅकेट त्याच्या अंगात घातलं आणि उजाडताच त्याला बाहेर ढकललं. मला निरोप आहे: गॅस पुरेल, मी मारेकच्या झोपायच्या पिशवीत शिरते, आणि रागवायचं ठेवून दे, मी खाली आल्यावर ऐकेन.

काठ्या मात्र दुसऱ्या मोठ्या भेगेपर्यंतच पुरल्या होत्या. तिथून बिळापर्यंतचा टप्पा उघडा आहे, एकही खूण नाही. बेका काळ्या कड्याकडे पाठ करून, वारा डाव्या गालावर ठेवून आला म्हणतो. पण कडा ढगात दिसत नाही आणि वारा आता फिरलाय. ती वाट त्याच्या पायांत आहे, तोंडात नाही. ओमारने मला बाजूला घेतलं. “ताई, बेका आमच्या दोराला असला तर आम्ही सरळ तिच्यापाशी जाऊ. नसला तर चाचपडत. तू सांग.” बेका ऐकत होता. तो उठून उभासुद्धा राहिला. मी तोवर त्याचे गोठलेले हात कोमट पाण्यात वितळवले होते. आधी पांढरे, मग जांभळे, मग फोड. तो ओरडला नाही, टेबलाची कड दातांनी धरली. वितळलेले हात पुन्हा गोठले तर ते हात राहत नाहीत, हे तुलाही माहीत आहे. आणि ज्याला कुऱ्हाड धरता येत नाही तो घसरला की दोरावरचे तिघंही जातात. मी ओमारला म्हटलं, नाही. हे मी शहाणपणाने म्हटलं. माझं तोंड म्हणत होतं, बाकी सगळं अंग म्हणत होतं, घेऊन जा त्याला. ओमार आणि त्सोत्ने दोघंच गेले आहेत. तेकलेचं जॅकेट त्यांच्याबरोबर दिलंय. ढग अजून पठारावर बसलाय. माझ्या नवऱ्याला, नोदारला, तू काही सांगू नकोस. त्याच्या हृदयाचं तुला ठाऊक आहे. विचारलं तर म्हण, तेकले वरच आहे. ते खोटं नाही.

बेकाने वाटेत घोड्यावरून उडी मारून परत येण्याची धमकी दिलीय, म्हणून शालवाने त्याला खोगिराला बांधलंय. घरी पोचल्यावर तो तुझ्यापुढे रडेल. म्हणेल, तिने मला आपलं जॅकेट दिलं आणि मी तिला सोडून आलो. म्हणेल, मी नसलो तर त्यांना बीळ सापडणार नाही. तसं होऊही शकतं. तरी त्याला सोडू नकोस. पण हे पत्र मी त्याच्यासाठी लिहिलं नाही. त्याला धरून ठेवायला तुला माझी गरज नाही. मी लिहितेय ते माझ्यासाठी. ओमार आज रिकाम्या हाताने परत आला, तर मी इथे कशी असेन ते मला आत्ताच दिसतंय. मी कुणाला तरी खाली पिटाळेन. त्याच्या हातात माझ्या अक्षरातली चिठ्ठी असेल, बेकाला पाठव म्हणून. तीत चांगली कारणं असतील. हात बरे आहेत, बांधून देईन, नुसती दिशा दाखवायचीय, असं काहीबाही असेल, आणि मी शिकलेली बाई आहे, पटेल असंच लिहीन. कदाचित आपल्या मैत्रीची शपथही घातलेली असेल. ती चिठ्ठी वाचू नकोस. उघडूच नकोस, भट्टीत टाक. चिठ्ठी आणणाऱ्याला पाव खाऊ घाल आणि रिकामा परत पाठव. आत्ता, या घटकेला, माझं डोकं ठिकाणावर आहे, आणि ठिकाणावर असलेली लामारा तुला हे सांगतेय. पुढची लामारा काहीही म्हणाली तरी ऐकायचं नाही.

तुझीच,
लामारा

शालवाच्या हवाली केलं ते:
बेका, तुझा मुलगा. दोन्ही हात सैल पट्ट्यांत. शेकायचे नाहीत, चोळायचे नाहीत, फोड फोडायचे नाहीत. आजच खाली डॉक्टरकडे न्यायचं.
त्याची पाठपिशवी, डबा आणि घड्याळ. कुऱ्हाड मोडली, ती दिलेली नाही.
माझी घोंगडी एक, नोदारचे लोकरी जोडे एक जोड. ते त्याच्या पायांत आहेत.
त्याचे चढाईचे बूट: दिलेले नाहीत. माझ्याकडेही ठेवलेले नाहीत. शालवाच्या देखत हिमनदीच्या भेगेत टाकले.